खोकरीचे तीन घुमट

मुरूडला येणारा पर्यटक राजपुरीच्या धक्क्यावरून होडीत बसतो, जंजिरा पाहतो आणि परत फिरतो. तिथून थोड्याच अंतरावर, खोकरी गावाजवळ, रस्त्याच्या कडेला तीन दगडी मकबरे उभे आहेत. आम्ही गेलो त्या दुपारी तिथे दुसरे कोणीच नव्हते. फातेहा पढलो आणि बराच वेळ कमानीखालच्या सावलीत बसून राहिलो.

सर्वांत मोठा मकबरा सिद्दी सुरूलखानाचा. तो त्याने हयातीतच बांधून घेतला, असे सांगतात. लहान दोन मकबरे भावाभावांचे: सिद्दी कासम ऊर्फ याकूतखान आणि खैरियतखान. याकूतखानाच्या मकबऱ्यावरील अरबी लेखात हिजरी 1118 हे इंतकालाचे साल आहे.

हा कासम शाळेच्या पुस्तकात फक्त शत्रू म्हणून भेटतो. 1671 मध्ये होळीच्या रात्री त्याने शिवाजी महाराजांच्या ताब्यातली दंडा-राजपुरी परत घेतली, 1689 मध्ये तर थेट मुंबईवर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. तो मोगलांचा आरमारी सरदार होता, आणि किनाऱ्यावरच्या गावांना सिद्द्यांच्या स्वाऱ्यांचा जाचही झाला. ते झाकण्याचे कारण नाही. पण माणूस तेवढाच नसतो.

याकूत म्हणजे माणिक. हबशी गुलामांना रत्नांची, सुगंधांची नावे ठेवण्याची रीत जुनी. मलिक अंबरचे नावही त्यातलेच. इथे मात्र याकूतखान हा बादशहाने दिलेला किताब आहे. विकत घेतलेल्या माणसाचे नाव मनसबदाराच्या अंगावर दागिन्यासारखे आले. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळी जंजिऱ्याची सत्ता बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. सिद्दी सरदारांमधला कर्तबगार माणूस पुढे येई. बाकी सगळा दख्खन वारसाहक्कावरून भांडत असताना आफ्रिकेतून आलेल्या या मंडळींनी ही रीत पाळली.

आता जरा आपल्याकडे पाहू. आपण कोकणी मुसलमान वंशावळ काढायला बसलो की अरब व्यापाऱ्यांपाशी जाऊन थांबतो. हबशी पूर्वज कोणालाच नको असतो. सोयरिकीच्या बोलण्यात रंग पहिल्यांदा विचारला जातो, आणि जुम्याच्या बयानात हजरत बिलाल यांचे नाव घेताना आपलेच डोळे भरून येतात! खोकरीला शत्रूची कबर म्हणून कोणी जात नाही हे समजू शकते. आपली म्हणूनही कोणी जात नाही, त्याचे काय?

पूर्वी असे नव्हते. कुलाबा जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटियरात या मकबऱ्यांची नोंद आहे. देखभालीसाठी नवाबाने सावली-मिठागर गावाचा महसूल, वर्षाला 2000 रुपये, तोडून दिला होता. दर जुमेरातीला इथे कुराण पढले जाई आणि तिघांचेही उरूस दरसाल भरत.