टॉमकॅट सुरू न होणे

टॉमकॅट सुरू न होणे : एक्लिप्स, नेटबीन्स किंवा इंटेलिजे यांसारख्या आयडीईतून जावा वेब ॲप्लिकेशन ‘रन’ केल्यावर सर्व्हर उभाच न राहणे, उभा राहून लगेच बंद पडणे किंवा चालू असूनही ब्राउझरमध्ये ४०४ दिसणे, अशा बिघाडांचा समूह.

पार्श्वभूमी : टॉमकॅट हा सर्व्हलेट व जेएसपी चालवणारा सर्व्हर सन मायक्रोसिस्टिम्समधील जेम्स डंकन डेव्हिडसन यांच्या कामातून आला आणि १९९९ मध्ये अपाचीकडे गेला. मीरा-भाईंदर शहर मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडते. विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला ‘एंटरप्राइज जावा’ हा विषय राहिला आहे. त्यामुळे भाईंदर पश्चिमेला घरच्या लॅपटॉपवर प्रॅक्टिकल करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही या बिघाडाशी सामना करावा लागतो.

तपासाचा क्रम : सर्व्हर सुरू झाला नाही असे सांगणारी चौकट केवळ परिणाम सांगते, कारण कन्सोलमध्ये असते. चुकांची यादी लांबलचक असली, तर ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी सर्वांत खालची ओळ आधी वाचावी. विद्यार्थ्याला शिकवण्याजोगी सर्वांत मोलाची सवय हीच.

पोर्ट अडलेला असणे : टॉमकॅट पाने देण्यासाठी ८०८० आणि बंद होण्याची आज्ञा ऐकण्यासाठी ८००५ हा पोर्ट वापरतो. यांपैकी एक जरी दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवला असेल, तर एक्लिप्स सर्व्हर सुरू करत नाही. आधीचा टॉमकॅट मागे चालू राहिलेला असणे, हे नेहमीचे कारण. प्रॅक्टिकलसाठी त्याच संगणकावर ओरॅकल डेटाबेसची १०जी किंवा ११जी एक्सप्रेस एडिशन घातलेली असेल, तर कारण वेगळे निघते. तिचे वेब पानही मुळात ८०८० वरच असते. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटस्टॅट -एएनओ’ दिल्यावर ८०८० च्या ओळीच्या शेवटी प्रोसेसचा क्रमांक येतो. तो टास्क मॅनेजरमध्ये शोधला की ‘टीएनएसएलएसएनआर’ हे नाव सापडते. हा ओरॅकलचा लिसनर. तो टास्क मॅनेजरमधून बंद केल्यास टॉमकॅट सुरू होतो खरा, पण डेटाबेसचा १५२१ हा पोर्टही तोच सांभाळत असल्याने जेडीबीसीची नवी जोडणी होत नाही. म्हणून लिसनरला हात न लावता एक्लिप्सच्या ‘सर्व्हर्स’ खिडकीत टॉमकॅटवर डबल-क्लिक करून पोर्ट ८०८१ करावा. ओरॅकलचा वेब पोर्ट बदलण्याचीही सोय आहे.

आवृत्त्यांचा मेळ नसणे : ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ ही चूक आकड्यांतच उत्तर देते. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१. संदेशात येणाऱ्या दोन आकड्यांपैकी मोठा आकडा कंपाइल करणाऱ्या जावाचा, लहान आकडा सर्व्हर चालवणाऱ्या जावाची मर्यादा सांगणारा. टॉमकॅट १० पासून ‘जावाएक्स.सर्व्हलेट’ हे पॅकेज जाऊन ‘जकार्ता.सर्व्हलेट’ आले. जुन्या पुस्तकातील ॲनोटेशनचा सर्व्हलेट अशा सर्व्हरवर टाकल्यास सर्व्हर निमूट सुरू होतो, सर्व्हलेटची नोंद मात्र घेत नाही आणि ४०४ येतो. जुना कोड चालवायचा असल्यास टॉमकॅट ९ घ्यावा.

नोंदणीतील चुका : एकाच पत्त्यावर दोन सर्व्हलेट जोडल्यास किंवा ‘/लॉगिन’मधील पहिली तिरकी रेघ सुटल्यास ॲप्लिकेशन उभे राहत नाही. जुना सर्व्हलेट कॉपी करून नवा बनवताना ॲनोटेशनमधला पत्ता तसाच राहतो, तेव्हा पहिली चूक होते.

आयडीईची आवृत्ती : एक्लिप्सच्या केवळ जावासाठीच्या पॅकेजमध्ये ‘सर्व्हर्स’ खिडकी नसते, एंटरप्राइज व वेबसाठीचे पॅकेज लागते. इंटेलिजेच्या मोफत कम्युनिटी आवृत्तीत टॉमकॅटची अंगभूत जोडणी नव्हती.

‘क्लीन’ करणे : प्रकल्प आणि सर्व्हर ‘क्लीन’ केल्याने जुन्या फाइली निघून अनेकदा काम होते. पहिला उपाय म्हणून तो योग्य की नाही, याबाबत एकमत नाही. कारण न कळताच बिघाड नाहीसा होतो, हा त्यावरचा आक्षेप.

वेळमर्यादा : एक्लिप्स टॉमकॅटला सुरू होण्यास मुळात ४५ सेकंद देते, ती वाढवता येते.

ग्लासफिश : नेटबीन्ससोबत वापरला जाणारा दुसरा सर्व्हर, तोही मुळात ८०८० वरच, प्रशासनाचा पोर्ट ४८४८.

प्रतिबंध : जावा, टॉमकॅट आणि डेटाबेस ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या व वापरातील पोर्ट जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. कॉलेजच्या लॅबमध्ये चाललेला प्रकल्प घरी का चालत नाही, हे मग दोन याद्या शेजारी ठेवून तपासता येते.