बाह्यरेखा अक्षरलेखन

बाह्यरेखा अक्षरलेखन म्हणजे अक्षराच्या कडेने एक किंवा अधिक समांतर रेषा काढून त्याला उठाव देण्याची पद्धत. अक्षराचा आतील भाग रिकामा ठेवल्यास त्यास पोकळ अक्षर म्हणतात. तो भाग एका रंगाने भरून कडा दुसऱ्या रंगाची ठेवल्यास दुरंगी अक्षर तयार होते. खेळाडूंच्या जर्सी, महाविद्यालयीन जाकिटे, गोविंदा पथकांचे टी-शर्ट, ट्रकचे फाळके, दुकानांच्या पाट्या आणि गणेशोत्सवातील सजावट यांत ही पद्धत आढळते. या लेखात देवनागरी लिपीतील तिच्या वापरावर भर दिला आहे.

== उगम ==
या शैलीचे आज सर्वांत परिचित असलेले रूप अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडासंघांतून आले. हार्वर्ड विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने १८६५ मध्ये गणवेशावर जुन्या इंग्रजी वळणाचे ‘एच’ हे अक्षर वापरण्यास सुरुवात केली. पुढे नमद्याची किंवा शेनिल धाग्याची अक्षरे कापून लोकरी स्वेटरवर शिवण्याची प्रथा रूढ झाली. जाड कापडातून गोलाई कापणे त्रासाचे असल्याने वक्र भाग सरळ रेषांनी छाटले जात, त्यामुळे ‘ओ’ अष्टकोनी दिसू लागला. खाली मोठा आणि वर थोडा लहान असे दोन कापडांचे थर शिवले की खालच्या थराची कडा आपोआप बाह्यरेखा बनते. म्हणजे ही शैली मुळात सजावटीच्या हौसेपेक्षा कात्री आणि सुईच्या सोयीतून घडली आहे.

== देवनागरीतील अडचणी ==
रोमन अक्षरे सुटी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. संगणकावरील टंकात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते, म्हणून भरीव छपाईत सांधा दिसत नाही. मात्र अशा शब्दाला सरळ बाह्यरेखा दिल्यास प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते आणि शब्द विटांच्या रांगेसारखा तुटक दिसतो. मराठी फलकांवर सर्वाधिक दिसणारा दोष हाच. तो टाळण्यासाठी शब्द आधी वक्ररेषांत रूपांतरित करावा लागतो (छपाईच्या दुकानांत यास ‘कर्व्ह करणे’ म्हणतात), नंतर सर्व आकार ‘वेल्ड’ करून एकसंध करावे लागतात आणि त्यानंतरच कडा द्यावी लागते. हा क्रम उलटला की काम बिघडते.

कडा कोणत्या बाजूला वाढवायची हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. ती मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना वाढवल्यास कडेची निम्मी जाडी अक्षराचा गाभा खाते. अनुस्वार बुजतो, ‘ष’मधील तिरपी रेघ हरवते आणि ‘द्ध’सारखे जोडाक्षर ठिपक्यासारखे भासते. कडा केवळ बाहेरच्या बाजूस वाढवणे हा सुरक्षित मार्ग आहे, परंतु त्यासाठी अक्षरांतील अंतर आधीच वाढवून घ्यावे लागते. ‘ख’च्या दोन भागांत फट पडल्यास तो ‘रव’ असा वाचला जातो, हा जुनाच धोका येथे अधिक वाढतो.

अष्टकोनी छाटणी सर्व अक्षरांना सारखी मानवत नाही. ‘व’, ‘ब’, ‘प’ ही अक्षरे छाटलेल्या कोपऱ्यांतही ओळखू येतात. ‘ळ’, ‘छ’, ‘इ’ आणि ‘ह’ यांची ओळख मात्र वळणातच असते. तेथे कोपरे अर्धेच छाटून गोलाई राखणे इष्ट ठरते. याशिवाय महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावयाचे आहेत. अनेक टंकांत हिंदी वळणाची रूपेच आधी उमटतात, त्यामुळे ‘ल’ तपासल्याशिवाय साहित्य कापावयास देऊ नये.

जर्सीच्या पाठीवर नाव कमानीत बसवताना रोमन अक्षरे एकेक करून फिरवली तरी चालते. देवनागरीत असे केल्यास शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी मोडते. संपूर्ण शब्द एकसंध करून मग वाकवला तरच शिरोरेषेची सलग कमान मिळते, आणि ती रोमन नावापेक्षा अधिक डौलदार दिसते.

== एपीएमसी मार्केटमधील अक्षरे ==
नवी मुंबईतील वाशी-तुर्भे येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात, म्हणजेच एपीएमसी मार्केटमध्ये, कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला आणि धान्य असे पाच घाऊक बाजार आहेत. दक्षिण मुंबईतील गर्दीचे घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने येथे हलवण्यात आले. अक्षरलेखनाच्या अभ्यासकासाठी हे आवार उपयुक्त आहे, कारण एकाच ठिकाणी छाप्याची, कुंचल्याची आणि यंत्राने कापलेली अशी तिन्ही प्रकारची अक्षरे पाहावयास मिळतात.

पोती आणि आंब्याच्या पेट्या यांवर मार्का, नाव किंवा आकडा असतो. अनेक ठिकाणी तो पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या छाप्याने उमटवला जातो. ही अक्षरे जवळजवळ नेहमी भरीव असतात आणि त्यामागे भौमितिक कारण आहे. छाप्यात कापलेल्या आकाराच्या आत उरणारा तुकडा आधाराशिवाय गळून पडतो. पोकळ अक्षरात तर अक्षराचा संपूर्ण गाभाच असा सुटा तुकडा असतो. त्यासाठी एक तर ठिकठिकाणी पूल ठेवावे लागतात किंवा दोन वेगळे छापे एकावर एक मारावे लागतात. रात्री उतरणाऱ्या मालाच्या हजारो नगांवर दोनदा छापा मारणे परवडणारे नाही. देवनागरीत भरीव छापाही सोपा नसतो, कारण ‘प’, ‘म’, ‘स’ यांच्या आतील जागा शिरोरेषेमुळेच बंद होते. शिरोरेषेत लहान फट ठेवणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

येथे सुवाच्यता ही शोभेची बाब नाही. माल उतरवणारे माथाडी कामगार अपुऱ्या उजेडात आणि घाईत मार्का पाहून नग योग्य गाळ्यावर नेतात. अक्षर चुकीचे वाचले गेल्यास एकाचा माल दुसऱ्याच्या थप्पीत जातो. हापूसच्या बाबतीत नावालाच किंमत असते. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही अन्य प्रदेशांतील आंबा कोकणच्या नावाने विकला जात असल्याची तक्रार बागायतदार वारंवार करतात. छाप्याची किंवा छापील खोक्यावरची ठसठशीत अक्षरे वाचायला सोपी असतात, तशीच नक्कल करायलाही सोपी असतात. अक्षरलेखन ओळख देते, खात्री देत नाही.

आवारात उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर मात्र बाह्यरेखा आणि छायेची अक्षरे मुक्तपणे दिसतात. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ओळ. वाहनांवर ती लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ मध्ये मनाई करण्यात आली. ट्रक रंगवणारे कारागीर आधी भरीव अक्षर रंगवतात आणि ते वाळल्यावर बारीक कुंचल्याने विरोधी रंगाची कडा ओढतात. हाताने काढलेली ही कडा सांध्यांवर कधीच अडखळत नाही, कारण कारागीर शब्द एकसंध पाहतो.

== साहित्य आणि कृती ==
कापडासाठी उष्णतेने चिकटणारा व्हिनाइल, दुहेरी कापडी थर किंवा यंत्रावरील भरतकाम वापरतात. व्हिनाइल उलट्या बाजूने कापला जातो, म्हणून रचना आरशातील प्रतिमेसारखी फिरवावी लागते. आधी खालचा रुंद थर चिकटवून त्यावर वरचा थर बसवतात. मोठ्या अक्षरांत दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद कडा धुण्यात सुटण्याची शक्यता असते. भरतकामात रुंद पट्टी एकाच लांब टाक्याने भरल्यास धागे सैल पडून अडकतात, तेथे टाके विभागावे लागतात. वाहनांसाठी आणि काचेसाठी ‘रेडियम’ या नावाने ओळखली जाणारी चिकटपट्टी प्रचलित आहे.

सजावटीसाठी पूर्वी थर्मोकोलची अक्षरे गरम तारेने कापली जात. महाराष्ट्रातील २०१८ च्या प्लास्टिक व थर्मोकोल बंदीनंतर पुठ्ठा आणि कागदाचा वापर वाढला. पुठ्ठ्यात दोन थरांची अक्षरे करताना वरचा थर आधी कापावा आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने समान अंतर आखून खालचा थर काढावा. स्वतंत्रपणे काढलेले दोन आकार सहसा जुळत नाहीत.

== शिक्षण आणि पाट्यांचा कायदा ==
महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांत भूमितीबरोबर अक्षरलेखनाचा समावेश असल्याने चौकटीत समान जाडीची ठोकळा अक्षरे बसवण्याचा सराव शाळेतच होतो. मात्र तेथे शिकवली जाणारी समान जाडी देवनागरीच्या बोरूच्या वळणाशी जुळत नाही, हे विद्यार्थ्यांच्या उशिरा लक्षात येते. नाटकांच्या नावांचे अक्षरलेखन करणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्या कामात विषयानुरूप अक्षर घडवण्याची उत्तम उदाहरणे मिळतात.

दुकानांवरील पाट्यांसाठी राज्याने २०२२ मध्ये केलेल्या सुधारणेनुसार मराठी मजकूर देवनागरीत असणे आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे. ही तरतूद आकाराविषयी आहे, जाडीविषयी नाही. भरीव रोमन नावाशेजारी तेवढ्याच उंचीचे पोकळ देवनागरी नाव नियमात बसते, परंतु रस्त्याच्या पलीकडून ते फिकेच दिसते. अशा पाटीवर देवनागरी अक्षराचा गाभा भरणे आणि कडा विरोधी रंगात ठेवणे श्रेयस्कर आहे.