निगमन ही पुनरुक्ति आहे काय?

अमेरिकेंतील कायद्याच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळविण्यासाठीं जी परीक्षा घेतात, तींत एक लहानसा युक्तिवाद देऊन त्यांतील एखाद्या वाक्याविषयीं विचारलेलें असतें कीं, हें वाक्य येथें कोणतें काम करतें? तें सिद्ध करावयाचें मत आहे, त्याचा आधार आहे, कीं खोडून काढण्यासाठीं घेतलेला पूर्वपक्ष आहे? वाक्य खरें कीं खोटें, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या प्राचीन नैयायिकांना हा प्रश्न मुळींच नवा वाटला नसता. फरक इतकाच कीं, त्यांच्या सभेंत वाक्याचें काम चुकलें तर गुण कापले जात नसत. वादच हातचा जात असे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन असे पांच अवयव सांगितले आहेत. पर्वतावरील धूर व अग्नि यांची जोडी अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहामुळें पुष्कळांच्या परिचयाची आहे. पण भाष्यकार वात्स्यायन निराळें उदाहरण घेतो. शब्द अनित्य आहे, ही प्रतिज्ञा. तो उत्पन्न होतो म्हणून, हा हेतु. जें उत्पन्न होतें तें अनित्य असतें, जसें रांधण्याचें मडकें, हें उदाहरण. शब्दहि तसाच उत्पन्न होणारा आहे, हा उपनय. म्हणून शब्द अनित्य आहे, हें निगमन. मडक्याचा दृष्टान्त घरगुती दिसला तरी प्रश्न लहान नव्हता. मीमांसक शब्द नित्य मानीत आणि वेदांच्या प्रामाण्याची उभारणी त्यावर करीत.

आतां पहिलें व शेवटचें वाक्य पाहावें. दोन्ही एकच! आणि याच सूत्रांच्या पांचव्या अध्यायांत पराभवाचीं जीं बावीस निग्रहस्थानें दिलीं आहेत, त्यांत एक ‘न्यून’ आहे व एक ‘पुनरुक्त’. पांचांपैकीं एक जरी अवयव गाळला तरी न्यून. तेंच पुन्हां बोललें तर पुनरुक्त. मग बिचाऱ्या वाद्यानें निगमन उच्चारावें कीं गिळावें? शिवाय सूत्रकारानें निगमनाची व्याख्याच प्रतिज्ञेचें पुनर्वचन अशी केली आहे.

यांतून सूत्रांनींच वाट ठेवली आहे : अनुवाद हा पुनरुक्तींत मोडत नाहीं, कारण तेथें त्याच शब्दांना विशेष अर्थ येतो. आणि अशा अनुवादाचें उदाहरण म्हणून वात्स्यायन निगमनाकडेच बोट दाखवितो. प्रतिज्ञेच्या वेळीं तें वाक्य केवळ साध्य असतें. त्याच्या उलट असण्याची शक्यता उघडीच असते. हेतु व उदाहरण यांच्या मागून तेंच वाक्य आलें म्हणजे ती शक्यता बंद होते, आणि सुटे अवयव एका अर्थानें बांधले जातात. अक्षरें तींच, पण काम दुसरें. हाच भाष्यकार पुढें चार अवयवांना आगम, अनुमान, प्रत्यक्ष व उपमान अशीं चार प्रमाणें वांटून देतो. ती जुळणी आम्हांस थोडी ओढूनताणून केलेली वाटते. मात्र जिज्ञासा, संशय इत्यादि आणखी पांच अवयव मानणारांना त्यानें दिलेलें उत्तर पटतें : शोधास प्रवृत्त करणें निराळें, दुसऱ्यास पटेल असें सिद्ध करणें निराळें.

हें सर्वांनाच मान्य झालें असें नव्हे. मीमांसक पहिले तीन किंवा शेवटचे तीन अवयव पुरेत म्हणाले. खरा घाव घातला तो सातव्या शतकांतील बौद्ध आचार्य धर्मकीर्ति यानें. व्याप्ति दाखविली आणि हेतु पक्षावर आहे एवढें सांगितलें कीं साध्य आपोआप हातीं येतें. मग तें मुखानें बोलणें साधनाचें अंगच नव्हे, आणि जें साधनाचें अंग नव्हे तें बोलणारा हरला! असें त्याच्या वादन्याय ग्रंथाचें म्हणणें. म्हणजे प्रतिज्ञा न उच्चारणारा नैयायिकांच्या नियमानें पराभूत, व उच्चारणारा धर्मकीर्तीच्या नियमानें.

जैन आचार्य माणिक्यनंदी यानें परीक्षामुखांत निराळीच तोड काढली. वादांत प्रतिज्ञा व हेतु हे दोनच बस्स. उदाहरण, उपनय, निगमन यांना मज्जाव. पण शास्त्र शिकवितांना समोर बाळबुद्धीचा शिष्य बसला असेल, तर पांचहि अवयव खुशाल सांगावे.