स्मेलफंगस मुळशी तालुक्यात

मुळशी तालुक्यातील दासवे येथे एका पावसाळ्यात आम्ही काही अध्यापक मित्र गेलो होतो. लवासा या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या शहराचा हा पहिला भाग. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी इटलीतील पोर्तोफिनो या जुन्या कोळीगावाच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारतींची रांग येथे उभी आहे. पावसाची सर आली म्हणून आम्ही ज्या आडोशाला थांबलो, तेथे आणखी दहाबारा पर्यटक जमले आणि खरे पोर्तोफिनो कसे असेल यावर बोलणे निघाले. तेव्हा एका निवृत्त गृहस्थांनी जाहीर केले, "खरी इटली बघून आलोय आम्ही. सांगतो, जाऊ नका. व्हेनिसला पाण्याला वास, रोमला खिसेकापू, आणि जाल तिथे रांग. त्यापेक्षा हे बरं. निदान गरम भजी तरी मिळतात."

यावर जी खळबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. एका जोडप्याने तिकिटे आधीच काढली होती. त्यांचे चेहरे उतरले. एका मुलीने विचारले, "काका, तुम्ही किती दिवस होतात तिथे?" उत्तर आले, "पाच." "आणि रांगा कोणाच्या होत्या? आपल्यासारख्यांच्याच ना?" हशा पिकला. आमच्यातील इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मायकेलअँजेलोची बाजू जोरात मांडली. ते स्वतः इटलीला कधीही गेलेले नाहीत. त्याच आडोशाला कोळशावर कणसे भाजणारी एक बाई बसली होती. तिच्याकडून आम्ही कणसे घेतली. मत मात्र तिला कोणी विचारले नाही, आणि त्या न विचारणाऱ्यांत मीही होतो.

परतीच्या वाटेवर मला स्मेलफंगस आठवला. इटलीची निंदा करणारा प्रवासी आणि त्याच्यावर तुटून पडणारे इतर प्रवासी, हा वाद इंग्रजी साहित्यात अडीचशे वर्षांपूर्वीच रंगून गेला आहे.

टोबायस स्मॉलेट हा कादंबरीकार आणि पेशाने शल्यवैद्य. १७६३ साली त्याची एकुलती एक मुलगी वारली. ती पंधरा वर्षांची होती. स्वतः स्मॉलेट क्षयाने पोखरलेला होता. पत्नीला घेऊन त्याने इंग्लंड सोडले, दोन वर्षे फ्रान्स आणि इटलीत काढली आणि १७६६ साली पत्ररूप प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. खाणावळवाल्यांशी आणि गाडीवानांशी झालेली भांडणे, घाण, ढेकूण, लुबाडणूक यांनी ते भरलेले आहे. रोमचे पँथिऑन पाहून त्याची निराशा झाली. वरून उघड्या असलेल्या कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यासारखे ते त्याला दिसले. फ्लॉरेन्सच्या मेदिची व्हीनसच्या चेहऱ्यात त्याला सौंदर्य सापडले नाही. ज्या मूर्तीपुढे तरुण इंग्रज उमराव ठरावीक उद्गार काढत असत, तिच्यापुढे उभे राहून आपल्याला काही वाटले नाही हे छापून टाकण्यास धैर्य लागते, असे माझे मत आहे. त्याच पुस्तकात नीस येथील हवामानाच्या त्याने चिकाटीने केलेल्या नोंदीही आहेत. चिडका माणूस नेहमीच बेफिकीर निरीक्षक असतो असे नाही.

लॉरेन्स स्टर्नने १७६८ साली 'अ सेंटिमेंटल जर्नी' या पुस्तकात स्मॉलेटला स्मेलफंगस हे कुत्सित नाव दिले. स्टर्नचा नायक योरिक सांगतो की, स्मेलफंगस कावीळ घेऊनच घराबाहेर पडला आणि वाटेत भेटलेली प्रत्येक वस्तू त्याला विटलेली दिसली. आपण सारे जगाला सांगणार, असे स्मेलफंगस म्हणतो तेव्हा, ते आपल्या वैद्याला सांगणे बरे, असे योरिक त्याला सुचवतो. वाचक हसतो आणि स्मॉलेट हरतो. पुढे कित्येक पिढ्या स्मॉलेटचे प्रवासवर्णन या टोमण्यातूनच वाचले गेले. परंतु स्टर्नही क्षयाचाच रोगी होता आणि पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर महिन्याच्या आतच तो मरण पावला. एक मौज अशी की, शीर्षकात फ्रान्स आणि इटली अशी दोन्ही नावे असूनही ते पुस्तक इटलीत पोहोचतच नाही; सरहद्दीच्या अलीकडे एका खाणावळीतच संपते. इटलीच्या निंदकाला दिलेले सर्वात गाजलेले उत्तर इटलीवाचून दिलेले आहे! आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विषय बदलला.

स्मॉलेट-स्टर्न प्रकरण साहित्याच्या विद्यार्थ्याला बहुधा ठाऊक असते. त्याच सुमारास घडलेले दुसरे प्रकरण मात्र अभ्यासक्रमांत क्वचित येते, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. सॅम्युएल शार्प हाही शल्यवैद्यच. (इटलीची निंदा करायला शल्यवैद्यच का निघावेत, हा प्रश्न मी सोडवू शकलेलो नाही.) त्याची 'लेटर्स फ्रॉम इटली' १७६६ सालीच प्रसिद्ध झाली. इटालियन लोकांच्या चालीरीती, धर्माचार, आणि विवाहित स्त्रीबरोबर उघडपणे हिंडणाऱ्या 'चिचिस्बेओ' या सहचराची प्रथा यांवर त्याने कडक ताशेरे ओढले. या वेळी उत्तर दिले ते एका इटालियन माणसाने. तुरीनचा ज्युझेप्पे बारेत्ती तेव्हा लंडनमध्ये राहत होता. डॉ. जॉन्सन यांचा तो मित्र आणि इंग्रजी-इटालियन कोशाचा कर्ता. इटलीच्या चालीरीतींचा वृत्तांत त्याने १७६८ साली दोन खंडांत, इंग्रजीत लिहिला.

इटली सुंदर आहे, इंग्रजांना रुची नाही, असे गळे बारेत्तीने काढले नाहीत. या गृहस्थाला आमची भाषा येत होती काय, तो कोणाच्या घरी गेला, कोणाशी बोलला, हे त्याने विचारले. भाषा न जाणणारा, प्रकृतीने बांधलेला प्रवासी ज्यांना भेटतो ते खाणावळवाले आणि गाडीवान, आणि तेवढ्यावरून तो राष्ट्राचे शील ठरवतो! चिचिस्बेओच्या प्रथेचे मूळ त्याने पेत्रार्कच्या काव्यातील निष्काम प्रेमाच्या कल्पनेत शोधले. हे समर्थन मला ओढूनताणून आणलेले वाटते; वकिली करणारा माणूस कधीकधी अशिलापेक्षा जास्त बोलतो. शार्पने प्रत्युत्तर दिले, बारेत्तीने पुढच्या आवृत्तीत त्यालाही पुरवणी जोडली. बारेत्ती लेखणीनेच भांडत असे असेही नाही. १७६९ साली लंडनच्या रस्त्यावर झालेल्या झटापटीत त्याच्या चाकूने एक माणूस मेला, तेव्हा त्याच्या शीलाची साक्ष द्यायला जॉन्सन, बर्क, गॅरिक आणि रेनॉल्ड्स न्यायालयात आले होते. तो निर्दोष सुटला.

येथे मला थांबावेसे वाटते, कारण बारेत्तीपाशी जे होते त्याचा हिशेब मांडला पाहिजे. निंदकाची भाषा त्याला येत होती, निंदकाच्या राजधानीत त्याला प्रकाशक होता आणि वजनदार मित्र होते. म्हणून दोन वर्षांत उत्तर छापून आले. आता हाच प्रश्न ज्या तालुक्यात आम्ही कणसे खात इटलीचा निवाडा करत होतो, त्या तालुक्याला विचारून पाहावा.

मुळशीला येणाऱ्या पर्यटकाची मते दोन प्रकारची असतात. ताम्हिणीच्या वाटेवरून मुळशीचे तळे पाहणारा म्हणतो, काय देखणे आहे! दासव्याला येणारा एकतर म्हणतो, अगदी इटली. नाहीतर म्हणतो, कसली इटली, सगळे ओसाड. लवासा हे नावच मुळी मराठी नाही आणि इटालियनही नाही. ते घडवून काढलेले आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथील काम थांबवले, २०११ मध्ये अटींसह परवानगी दिली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जमिनी कशा घेतल्या गेल्या याविषयीच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. पण पर्यटकाची स्तुती आणि निंदा दोन्ही एकाच फूटपट्टीने मोजतात, आणि ती पट्टी पोर्तोफिनोची. मुगाव, दासवे, भोईनी ही नावे त्या मोजमापात येत नाहीत.

आणि ते देखणे तळे? मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, कामाच्या जागी ठाण मांडले. काम काही काळ थांबले. मग सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरला. खोऱ्यातील जमिनीचा बराच भाग पुण्याच्या सावकारांच्या नावावर होता. त्यांना भरपाई पुरेशी होती, कसणाऱ्याला ती पुरेशी नव्हती. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली, तुरुंगवासही दिला. १९२४ च्या अखेरीस सत्याग्रह संपला आणि १९२७ पर्यंत धरण पुरे होऊन भिऱ्याची वीज मुंबईकडे जाऊ लागली.

म्हणजे मुळशीला बारेत्ती मिळालाच नाही असे म्हणता येणार नाही. सत्याग्रहात स्वतः उतरलेले विनायक महादेव भुस्कुटे यांनी 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक लिहिले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास २००९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. मात्र हे दोघेही मावळे नव्हेत. ज्यांची शेते बुडाली त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते, आणि त्यांचे म्हणणे पुण्याच्या सभांतून व वर्तमानपत्रांतून, इतरांच्या शब्दांत गेले. बारेत्तीला दुभाष्या लागला नव्हता.

त्या निवृत्त गृहस्थांचा मला राग नाही. रांगांविषयी त्यांचे निरीक्षण खरेच होते: व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली, आणि खुद्द पोर्तोफिनोत २०२३ साली छायाचित्रांसाठी रेंगाळणाऱ्यांना दंड ठेवावा लागला. आणि स्मॉलेट? ज्या देशाला त्याने इतकी नावे ठेवली तेथेच तो १७६८ साली परत गेला. लिव्होर्नोजवळ राहून त्याने 'हम्फ्री क्लिंकर' ही त्याची सर्वात प्रसन्न कादंबरी पुरी केली, आणि १७७१ मध्ये तेथेच देह ठेवला. त्याचे थडगे लिव्होर्नोच्या इंग्रजी दफनभूमीत आहे.

प्रवासवर्णनाच्या तासाला आम्ही अजूनपर्यंत स्मॉलेट आणि स्टर्न शेजारी ठेवून शिकवत आलो. पुढच्या सत्रात बारेत्तीची प्रस्तावना आणि भुस्कुट्यांच्या पुस्तकातील काही प्रकरणे त्यांच्या जोडीला ठेवायची आहेत. वर्गात पौड आणि मुळशीकडून एसटीने येणारी तीन मुले आहेत. पहिला निबंध त्यांनी वाचावा, असे सुचवून पाहणार आहे.