अरण्यात गेलेल्यास पत्र

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाताना चितेगाव लागते. कारखान्यांच्या भिंती व मालमोटारींची रीघ पाहत आपण बिडकीनकडे सरकतो, आणि या वाटेस काही इतिहास असेल हे मनातही येत नाही. परंतु पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. तेथून उत्तरेस निघालेले तांडे याच मुलखातून कोठून तरी जात असले पाहिजेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण हे भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. माल गाड्यांवर लादून, जेथे रस्ता असा नाहीच अशा प्रदेशांतून बंदरास जाई. आणि आतल्या मुलखात ओसाड राने, मोठाले डोंगर, वाघ, हत्ती व प्रचंड सर्प असल्याचेही तो ग्रंथकार सांगतो.

ही झाली जाणाऱ्याची बाजू. मागे राहिलेलीची बाजू पाहावयाची तर गाथासप्तशती उघडावी. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा संग्रह सर्वस्वी एका काळचा नव्हे. त्यात पुढे भर पडत गेली असे पंडित मानतात. वेबर या जर्मन पंडिताने १८८१ मध्ये त्याची संहिता छापली, आणि मराठी वाचकांस स. आ. जोगळेकरांची १९५६ ची आवृत्ती उपलब्ध आहे. केवळ शृंगाराचा ग्रंथ म्हणून त्याची बोळवण करण्याची जी चाल आहे, ती आम्हांस मान्य नाही.

एका गाथेत पती गेल्याचा पहिला अर्धा दिवस सरण्याच्या आतच स्त्रीने दिवस मोजण्याच्या रेघांनी भिंत भरवून टाकली आहे. दुसरीत हातापायांची बोटे मोजून संपली, आता कशावर मोजावे म्हणून एक भोळी रडते. तिसरीत पत्र आहे. बोटे घामेजून कापतात, लेखणी घसरते, आणि आरंभीचे ‘स्वस्ति’ही पुरे होत नाही, मग मजकूर कोठला? ही गाथा वर्गात सांगितली की मुले प्रथम हसतात. ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या पत्रांतील ‘स्वस्ति श्री’ पाहिली आहे, ते हसत नाहीत.

यावरून त्या काळी घरोघर स्त्रिया लिहीत होत्या असे अनुमान कोणी काढील तर ते घाईचे होईल. कवीची नायिका म्हणजे खानेसुमारी नव्हे. तथापि लेखणी धरलेली स्त्री श्रोत्यांस अशक्य वाटत असती तर ही गाथा त्यांच्या गळी उतरली नसती, एवढे आम्ही म्हणू. टीकाकारांनी गाथाकारांची जी नावे दिली आहेत, त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा स्त्रियाही आहेत.

शिवाय ते पत्र न्यावे कोणी? सामान्यांसाठी टपाल नव्हते. विंध्याच्या रानात आज येथे, उद्या तेथे असणाऱ्यास पत्ता कसला? पत्र जावयाचे ते त्याच वाटेने निघालेल्या दुसऱ्या एखाद्या पथिकाच्या हाती, आणि त्याच्याही घरी कोणी भिंतीवर रेघा ओढू लागलेली असावयाची.

अशाच एका भिंतीची आणखी एक गाथा आहे. परतण्याची ठरलेली मुदत भरत आली आहे, आणि तो न आला तर काय, या भीतीने सख्या तिची नजर चुकवून दोन-तीन रेघा पुसून टाकीत आहेत.