चरित्र अभिनेता डेव्हिड : श्रेयनामावलीतून गळालेले आडनाव

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागापासून अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत रायगड जिल्ह्यात आडनावावरून गाव ओळखण्याची रीत जुनी आहे. महाडचा तो महाडकर, पेणचा तो पेणकर. तेल गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजानेही हीच रीत स्वीकारली. ‘आलम आरा’ (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट ज्यांच्या नाटकावर आधारला होता, ते जोसेफ डेव्हिड पेणकर याच समाजाचे. डेव्हिड अब्राहम चेऊलकर हेही त्यातलेच. त्यांच्या आडनावातील चेऊल म्हणजे अलिबाग तालुक्यातील चौल. पडद्यावर मात्र ते केवळ ‘डेव्हिड’ राहिले.

मुंबई विद्यापीठाची पदवी आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांनी १९३७ मध्ये ‘झांबो’ या चित्रपटाद्वारे चित्रसृष्टीत प्रवेश केला. ठेंगणा बांधा आणि टक्कल यांमुळे नायकपद संभवत नव्हते. अमेरिकेत सहायक अभिनेत्यासाठी स्वतंत्र ऑस्कर पुरस्कार १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला व पहिला मान वॉल्टर ब्रेनन यांना मिळाला. आपल्याकडे फिल्मफेअरने हा विभाग १९५५ मध्ये सुरू केला. त्याचे पहिले मानकरी डेव्हिड ठरले, ‘बूट पॉलिश’मधील (१९५४) जॉन चाचासाठी.

ही भूमिका त्यांच्या कारकिर्दीचा कळस मानावी लागते. जॉन चाचा चोरटी दारू विकतो, तुरुंगात जातो. आणि हाच मनुष्य दोन अनाथ भावंडांना भीक न मागता कष्ट करण्यास शिकवतो. उपदेशकाचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत, म्हणूनच त्याचा उपदेश कृत्रिम वाटत नाही. तुरुंगात मन्ना डे यांच्या स्वरातील अडाणा रागातले गीत त्यांच्यावर चित्रित झाले आहे. तेथे स्वतःच्या टकलाचाच विनोद त्यांनी निःसंकोचपणे होऊ दिला.

पुढे ‘चुपके चुपके’मध्ये (१९७५) ते हरिपद झाले, ‘बातों बातों में’मध्ये (१९७९) अंकल टॉम आणि त्याच वर्षीच्या ‘गोलमाल’मध्ये मामा. चाचा, अंकल, मामा अशा नात्यांना आडनाव लागत नाही. एका मराठी ज्यू नटाला सर्व धर्मांच्या कुटुंबांत सहज वावरता आले, हे त्याचे सामर्थ्य खरेच. परंतु त्यापायी त्याचा स्वतःचा समाज व मुलूख पडद्याआड गेला. जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात त्यांचा विचार करावयाचा, तर प्रारंभ श्रेयनामावलीपासून नव्हे, आडनावापासून करावा लागेल.

१९६९ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. त्यांचे निधन कॅनडातील टोरोंटो येथे झाले.