महाड परिसरातील रेल्वे स्थानके

महाड परिसरातील रेल्वे स्थानके : महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील, कोकण रेल्वेवरील स्थानके. वीर, सापे वामने, करंजाडी व विन्हेरे ही चार स्थानके महाड तालुक्यात आहेत. मात्र त्यांपैकी एकही महाड शहरात नाही आणि लगतच्या पोलादपूर तालुक्यातून लोहमार्ग गेलेलाच नाही. तालुक्याची मुख्य गावे बाजूस ठेवून स्थानके दूर का वसविली गेली, याचे उत्तर भूरचनेत व एकेरी मार्गाच्या गरजांत सापडते.

रेल्वेपूर्वी या भागाचा मुंबईशी संबंध बराचसा जलमार्गाने होता. भरतीचे पाणी सावित्री नदीतून महाडपर्यंत चढत असले, तरी मोठ्या जहाजांची मजल दासगाव बंदरापर्यंतच असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून जलमार्गाने दासगावला उतरले आणि तेथून पायी महाडला गेले. पुढे मुंबई–गोवा महामार्गाने महाड व पोलादपूर ही दोन्ही गावे जोडली आणि बंदराचे महत्त्व ओसरले. लोहमार्ग आला तो पुन्हा दासगावच्याच बाजूने. महाडकराच्या वाट्याला उतरल्यानंतरची वाट तेव्हाही होती व नंतरही राहिली.

दिव्याकडून येणारा लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचला होता. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना होऊन ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली पुढील काम सुरू झाले. मार्गाची आखणी ताशी १६० किमी. वेग गृहीत धरून करण्यात आली. त्यासाठी वळणांची त्रिज्या किमान १,२५० मी. व चढ १५० मी. अंतरात १ मी. पेक्षा अधिक नसावा, असे निकष ठरले. पोलादपूरहून कशेडी घाट चढून जाणाऱ्या महामार्गाची सोबत अशा लोहमार्गाला करता येणे शक्यच नव्हते. त्यामुळे महाडच्या खालच्या अंगास सावित्री ओलांडून मार्ग करंजाडी–विन्हेऱ्याकडे वळला व नातुवाडी बोगद्यातून खेड तालुक्यात उतरला. रोहा–वीर हा सु. ४७ किमी. चा टप्पा जून १९९३ मध्ये सुरू झाला. मार्च १९९५ मध्ये गाडी खेडपर्यंत जाऊ लागेतो वीर हेच उत्तरेकडील टप्प्याचे अखेरचे स्थानक होते. संपूर्ण मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू होण्यास २६ जानेवारी १९९८ हा दिवस उजाडावा लागला.

एकेरी मार्गावरील स्थानकाचे पहिले काम म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना एकमेकींस ओलांडू देणे. त्यासाठी मुख्य मार्गालगत लूप मार्ग घालतात. पूर्ण लांबीची मालगाडी त्यावर उभी राहू शकली पाहिजे; शिवाय उभे डबे आपोआप घरंगळू नयेत म्हणून स्थानकाच्या आवारात उतार १,२०० मी. मध्ये १ मी. इतकाच असावा, अशी भारतीय रेल्वेची शिफारस आहे. (कमाल मर्यादा ४०० मी. मध्ये १ मी. आहे.) डोंगर व खाडी यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात अशी लांब, सपाट जागा जेथे मिळेल वा करता येईल, तेथेच स्थानक होते, जवळ गाव असेल, तर तो योगायोग. सापे वामने हा प्रारंभी केवळ थांबा होता. वाहतूक वाढल्यावर तेथे लूप मार्ग घालून त्याचे क्रॉसिंग स्थानक करण्यात आले.

नागरी जलद वाहतूक मार्गावरील स्थानकांची रचना याच्या अगदी उलट कल्पनेवर आधारलेली असते. रायगड जिल्ह्याच्याच उत्तर टोकास, खारघर–तळोजे भागातून जाणाऱ्या नवी मुंबई मेट्रोच्या बेलापूर–पेंधर मार्गावर (१७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू) सु. ११ किमी. अंतरात ११ स्थानके आहेत. ती रस्त्यावर खांबांवर उभारलेली असून फलाट व डब्याची जमीन एकाच पातळीत आहे. तेथे स्थानक वस्तीकडे जाते. रोहा–वीर टप्प्यात मात्र कोलाड, इंदापूर, माणगाव व गोरेगाव रोड एवढीच चार मधली स्थानके आहेत.

ऑगस्ट २०२१ मध्ये रोहा–वीर मार्गाचे दुहेरीकरण पूर्ण झाल्याने वीरला नवे महत्त्व आले. दुहेरी मार्ग येथे संपून एकेरी सुरू होतो. २०२२ मध्ये विद्युतीकरणही झाले. तरीही बहुतेक जलद गाड्या या चार स्थानकांवर न थांबता जातात. रत्नागिरीची सवारी गाडी पूर्वी दादरपर्यंत जात असे. कोविडकाळापासून ती दिव्यालाच थांबू लागल्याने मुंबईत नोकरीस असलेल्या येथील कुटुंबांची गैरसोय वाढली. पोलादपूरकरांची भिस्त तर मुख्यतः एस.टी.वरच आहे.

पावसाळा ही या स्थानकांची खरी कसोटी. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मार्गावर आलेल्या दरडीमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरून अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. १४ जुलै २०२४ रोजी विन्हेरे व दिवाणखवटी यांदरम्यान दरड कोसळून वाहतूक ठप्प झाली. जुलै २०२१ च्या महापुरानंतर दासगावजवळील रेल्वेच्या भरावाचा प्रश्न ऐरणीवर आला. भरावामुळे सावित्रीचे पाणी तुंबून महाडात शिरते, असा नागरिकांचा आक्षेप आहे. महाबळेश्वरच्या डोंगरावरील अतिवृष्टी, पात्रातील गाळ व खाडीची भरती हीही पुराची कारणे असल्याने सारा दोष भरावावर टाकता येणार नाही. परंतु नदीची वाट अरुंद होते हे उघड आहे. भराव काढून तेथे पुलाचे गाळे वाढवावेत, ही महाडकरांची मागणी आहे.